बर्स्ट: सर, साठा की उसळी?

प्रश्न असा आला आहे: "कार्यालयातल्या राउटरच्या सेटिंगची माहिती मराठीत लिहून काढतो आहे. 'ट्रॅफिक शेपिंग'मध्ये 'बर्स्ट' नावाचा रकाना आहे. भाषांतराच्या यंत्राने त्याचा 'स्फोट' केला आणि 'ट्रॅफिक शेपिंग'चं 'वाहतूक आकारणी'. सहकारी म्हणतात, 'उसळी' लिहा. काय बरोबर?"

'ट्रॅफिक शेपिंग' म्हणजे नेटवर्कमधून जाणाऱ्या माहितीचा वेग ठरावीक मर्यादेत ठेवणं. त्यात 'स्फोट' नकोच. 'उसळी' चांगला शब्द आहे, पण प्रत्येक ठिकाणी तो लिहिलात तर वाचणाऱ्याच्या हातून चुकीचा आकडा भरला जाईल. 'बर्स्ट' या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी नांदतात: तारेवर दिसणारी घटना, बाइटमध्ये मोजलेलं प्रमाण आणि वाढीव वेग. या विषयात लोकांचा जो गोंधळ होतो, त्यातला बराचसा यातूनच येतो, असं मला वाटतं. मराठीत तीन शब्द सहज मिळत असताना तो गोंधळ आपण उचलून आणू नये.

आधी मूळ अर्थ पाहू. 'बर्स्ट'ला सर्वांत जवळचं मराठी क्रियापद 'फुटणे'. फुगा फुटतो, पण पान्हाही फुटतो, घाम फुटतो, कोंब फुटतो, रडू फुटतं. आत साठलेलं काहीतरी एकदम बाहेर येणं हा भाव इथे आहे, नाशाचा नाही. नेटवर्कमधल्या बर्स्टचा गाभाही अगदी हाच. अडचण नामाची येते. 'फूट' म्हटलं की भांडण किंवा मोजपट्टी, 'फुटवा' म्हटलं की ऊस. त्यामुळे हे क्रियापद अर्थ समजावायला वापरावं, रकान्यावर लिहायला नव्हे.

आता घटना. माणूस पान उघडतो, वाचतो, दुसरं पान उघडतो. तारेवर मात्र काही क्षण पॅकेटमागून पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) धावतात आणि मग शांतता. याला 'लोंढा' म्हणावंसं वाटतं, पण लोंढा आवरत नाही आणि नुकसान करतो, तर ही हालचाल रोजची आणि निरुपद्रवी आहे. मला इथे 'सर' हा शब्द मनापासून पटतो. पावसाची सर येते, जोरात कोसळते, थांबते, पुन्हा येते. शिवाय मोत्यांचा सर असतो, एकामागे एक ओवलेला. तो पुल्लिंगी, पावसाची सर स्त्रीलिंगी. पॅकेटच्या बाबतीत दोन्ही चित्रं बसतात. 'पॅकेटची सर आली' हे वाक्य कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणाची, आणि खरी मेख इथेच आहे. लिनक्समधल्या 'टीसी' या साधनात वेगाला लगाम घालायचा तर 'रेट' (वेग) आणि 'बर्स्ट' हे दोन मुख्य आकडे द्यावे लागतात. यातला 'बर्स्ट' हा वेग नव्हे, बाइटमध्ये सांगितलेलं आकारमान आहे. यामागची कल्पना टोकनच्या, म्हणजे पाठवण्याच्या परवान्यांच्या, बादलीची. बादलीत ठरलेल्या वेगाने टोकन पडत राहतात. पॅकेट बाहेर जायचं तर त्याच्या आकाराइतकी टोकन खर्च करायची. कोणी काही पाठवत नसेल तर टोकन साठतात, पण बादली भरेपर्यंतच. पुढची वाया जातात. ही बादली केवढी, ते बर्स्ट सांगतो.

सरकारी नोकरीतल्यांना हे क्षणात कळेल, कारण अर्जित रजा अशीच चालते. १ जानेवारीला १५ दिवस आणि १ जुलैला १५ दिवस खात्यावर जमा होतात, न घेतल्यास साठतात आणि ३०० दिवसांवर साठा थांबतो. रजा ज्या गतीने जमा होते तो 'रेट'. ते ३०० दिवस म्हणजे 'बर्स्ट'. ३०० या आकड्याला कोणी 'उसळी' म्हणणार नाही. ती साठ्याची मर्यादा आहे. म्हणून या रकान्यावर मी 'साठा-मर्यादा' असं लिहीन आणि खाली बारीक अक्षरांत 'बाइटमध्ये'.

या साठ्याचा परिणाम किती काळ टिकतो, हे एकदा हिशेब करून पाहावं. तार सेकंदाला १०० मेगाबिटची, ठरवलेला वेग सेकंदाला १० मेगाबिट आणि साठा १२,५०,००० बाइट, म्हणजे १० मेगाबिट. बादली काठोकाठ भरलेली असताना सर सुरू झाली, तर सेकंदाला १०० खर्च होतात आणि १० पडतात. बादली ९० च्या वेगाने रिकामी होते. म्हणजे पूर्ण वेग मिळतो सेकंदाचा नववा हिस्सा. 'उसळी' वाचून ज्याला काही मिनिटं जोरात डाउनलोड होईल असं वाटलं, त्याची इथे निराशा होते.

साठा फार लहान ठेवला तर आणखी वाईट. इथरनेटचं मोठं पॅकेट साधारण १,५०० बाइटचं. बादली त्याहून लहान असेल तर त्या पॅकेटपुरती टोकन कधीच जमत नाहीत. जुन्या यंत्रणांत पॅकेट यंत्राच्या आतल्या घड्याळाच्या ठोक्यालाच सुटायची आणि हा ठोका सेकंदाला १०० वेळा पडायचा. तिथे १० मेगाबिटचा वेग हवा तर प्रत्येक ठोक्याला १२,५०० बाइट जायला हवेत, म्हणजे साठा निदान तेवढा तरी लागणारच. उलट तो वारेमाप मोठा ठेवला, तर सगळी सर पुढच्या मोडेमवर जाऊन आदळते, तिथे रांग लागते आणि कोणाचा तरी व्हिडिओ कॉल अडखळतो.

एक गोष्ट शब्दप्रेमींनी टिपून ठेवावी. टीसीत याच रकान्याला 'बर्स्ट', 'बफर' आणि 'मॅक्सबर्स्ट' अशी तीन नावं चालतात. यातलं 'बफर' घातक आहे, कारण ते वाचून पॅकेटची रांग डोळ्यांपुढे येते. त्या रांगेचा रकाना वेगळा, त्याचं नाव 'लिमिट'. रांगेत पॅकेट थांबतात. बादलीत नुसती परवानगी साठते.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि इथे तुमच्या सहकाऱ्यांचं बरोबर आहे. मायक्रोटिकच्या राउटरमध्ये 'बर्स्ट-लिमिट' हा खराखुरा वेग असतो, नेहमीच्या कमाल वेगाच्या वरचा. वर जाणं आणि परत खाली येणं, हीच उसळी. चेंडू उसळतो, बाजारभाव उसळी घेतात, तसा हा वेग. 'उसळीचा वेग' असं खुशाल लिहा. पण शेजारच्या 'बर्स्ट-टाइम'ला 'उसळीचा कालावधी' लिहू नका. तो उसळी किती वेळ टिकेल हे सांगत नाही. मागच्या किती सेकंदांची सरासरी काढायची, ते सांगतो. ही सरासरी ठरलेल्या मर्यादेला पोचली की उसळी थांबते.

समजा नेहमीची कमाल सेकंदाला २ मेगाबिट, उसळीचा वेग ४, सरासरीची मर्यादा (त्यांचा 'बर्स्ट-थ्रेशोल्ड') दीड आणि काळ १६ सेकंद. आधी काहीच वापर नव्हता. ४ च्या वेगाने ६ सेकंदांत २४ मेगाबिट जातात, त्यांची १६ सेकंदांवरची सरासरी बरोबर दीड. तिथे उसळी संपते. म्हणजे १६ लिहिलं आणि मिळाले ६. या रकान्याला 'सरासरीचा काळ' हेच नाव हवं.

सिस्कोच्या राउटरवर 'कमिटेड बर्स्ट' आणि 'एक्सेस बर्स्ट' दिसतील. तीही प्रमाणंच आहेत, म्हणून 'ठरलेला साठा' आणि 'जादा साठा'. तिथे एकक मात्र तपासा: शेपिंगमध्ये हा आकडा बिटमध्ये असतो, पोलिसिंगमध्ये (जादा पॅकेट थांबवण्याऐवजी टाकून देण्याच्या पद्धतीत) बाइटमध्ये. आठपटीचा फरक एका शब्दावर अवलंबून आहे, तेव्हा मराठी मजकुरात एकक न लिहिता पुढे जाऊ नका.

राहिली 'वाहतूक आकारणी'. आकारणी कराची होते, वीजबिलाची होते; वाचणाऱ्याला वाटेल, वापराचे पैसे लागणार. मला आधी 'वळण लावणे' सुचलं होतं. अक्षराला वळण लावतात, मुलांना लावतात, त्यात सक्तीपेक्षा शिस्त आहे आणि शेपिंगही पॅकेट लगेच टाकून न देता थोडं थांबवतं. पण वाहतुकीशेजारी 'वळण' आलं की रस्ता बदलल्याचा भास होतो आणि नेटवर्कमध्ये मार्ग बदलणं हे निराळंच काम आहे. म्हणून मी 'ओघ-नियमन' लिहीन. सर, साठा, उसळी हे तिन्ही शब्द त्याच्या आसपास सहज नांदतात. 'पोलिसिंग'ला 'ओघ-मर्यादा' चालेल, फक्त तिथे जादा पॅकेट थांबवली जात नाहीत, टाकली जातात, एवढं वाक्य सोबत असू द्या.