राऊटर बंद करण्याआधी त्याच्याकडे बघा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, कराडला राहते. घर दोन मजली. खाली मी आणि हे, वर मुलगा आणि सून. सून घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. फायबरचं कनेक्शन आहे. गेल्या दिवाळीपासून दिवसातून तीन-चार वेळा नेट जातं, जास्त करून दुपारी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला. बटण बंद करून परत चालू केलं की दोन मिनिटांत येतं. सुनेची मीटिंग चालू असली की वरून हाक येते, ‘आई, राऊटर!’ आणि मी हातातलं काम टाकून धावते. कंपनीला फोन केला तर तेही रीस्टार्टच करायला सांगतात. एक मुलगा येऊन बघून गेला. म्हणाला, राऊटर जुना झाला, नवा घ्या. राऊटर टीव्हीच्या शोकेसमध्ये आहे, धूळ बसू नये म्हणून वर विणलेला रुमाल घातलाय. वीज जाते म्हणून मुलाने दोन वर्षांपूर्वी छोटा यूपीएस जोडलाय. नवा राऊटर घ्यावा का? आणि सारखं बंद-चालू करून तो बिघडतो का?

उत्तर : बाई, नमस्कार. नवा राऊटर एवढ्यात घेऊ नका. बंद-चालू करून तो सहसा बिघडत नाही; बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबून मग चालू करा, एवढंच. मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. बटण दाबलं की बिघाडाचा पुरावा पुसला जातो. त्यामुळे तुमचं दुखणं नेमकं कुठे आहे हे कंपनीला कळत नाही, बघायला आलेल्या त्या मुलालाही कळत नाही, आणि खर्च तुमच्या माथी येतो.

‘रीस्टार्ट केल्यावर चालतं, म्हणजे राऊटरच खराब’ हे अनुमान बहुतेक जण काढतात. ते बरोबर नाही. रीस्टार्ट होताना एकाच वेळी बऱ्याच गोष्टी नव्याने होतात. राऊटरचा डबा फायबरवरून कंपनीच्या यंत्राशी पुन्हा जोडला जातो, युजरनेम-पासवर्ड पाठवून नव्याने लॉगिन करतो, वायफायसाठी कमी गर्दीचा चॅनल, म्हणजे हवेतली वाट, पुन्हा शोधतो, आणि त्याची मेमरी रिकामी होते. या मेमरीचं तुम्हाला हजेरीपटावरून सांगतो. घरातला प्रत्येक मोबाइल, टीव्ही, कॅमेरा बाहेर जे जे कनेक्शन उघडतो, त्याची नोंद राऊटर ठेवतो. पानं भरली की नवीन नाव लिहायला जागा उरत नाही, आणि स्वस्तातल्या डब्यांत पानंच कमी असतात. तेव्हा दोष लाइनमध्ये असो, लॉगिनमध्ये असो, चॅनलमध्ये असो की खुद्द राऊटरमध्ये, रीस्टार्टने तो तात्पुरता जाऊ शकतो.

म्हणून पुढच्या वेळी हाक आली की बटणाला हात लावण्याआधी अर्धा मिनिट डब्यासमोर उभ्या राहा. एल-ओ-एस (LOS) लिहिलेला दिवा लाल लागलाय किंवा लुकलुकतोय? मग फायबरमधून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाहीये. तो दोष लाइनचा. नवा राऊटर आणून काडीचा फरक पडणार नाही. तो दिवा विझलेला आणि पॉन (PON) लिहिलेला दिवा हिरवा स्थिर असेल, तर मोबाइल घ्या, त्याचा डेटा बंद करा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाइप करा. (काही डब्यांचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो, डब्याच्या पोटावरच्या स्टिकरवर तो छापलेला असतो.) राऊटरचं सेटिंगचं पान उघडलं तर वायफाय ठणठणीत आहे, अडलंय ते त्याच्या पुढे. पान उघडलं नाही, पण वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर नेट चालतंय, तर दोष फक्त वायफायचा. आणि तुम्ही बटण न दाबताच सगळे दिवे विझून पुन्हा एकेक लागताना दिसले, तर विजेकडे बघा. हे सगळं वेळेसकट एका वहीत आठवडाभर लिहा.

तुमच्या पत्रावरून माझा पहिला संशय विजेवरच आहे, म्हणजे अडॅप्टर आणि तो यूपीएस. मी सांगलीत टीव्ही दुरुस्तीपासून सुरुवात केली, मग केबल आणि आता फायबर. या सगळ्या काळात यंत्रापेक्षा त्याला वीज देणारी वस्तू आधी थकलेली मी जास्त वेळा बघितली आहे. मध्यंतरी असाच एक अडॅप्टर हातात आला. वर छापलेलं १२ व्होल्ट, १ अँपियर. मोकळा असताना मीटर लावला तर बरोबर १२ दाखवत होता. राऊटर जोडला आणि मोबाइलवर व्हिडिओ लावला, तशी काटा साडेदहाच्या खाली यायला लागला, आणि तेवढ्यात राऊटर बंद पडून परत चालू झाला. अडॅप्टर फोडला तर आत कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्याचं) डोकं टम्म फुगलेलं, बुडाशी तपकिरी चिकट डाग. असा अडॅप्टर मोकळा तपासून सहसा सापडत नाही. घरात सगळ्यांचे मोबाइल एकदम चालू झाले, राऊटरवर भार आला, की तो मान टाकतो. तुमची साडेसातची वेळ त्यात चपखल बसते.

छोट्या यूपीएसचंही तेच. आत लिथियमच्या बॅटऱ्या असतात, दोन वर्षांत त्यांचा दम कमी होतो. वीज क्षणभर गेली-आली की अशा यूपीएसवर राऊटर गडबडतो, आणि घरातला दिवा नुसता मिचकल्यामुळे आपल्या ते लक्षातही येत नाही. म्हणून पहिला प्रयोग बिनखर्चाचा करा : यूपीएस काढून अडॅप्टर थेट भिंतीच्या प्लगला लावा आणि दोन-तीन दिवस बघा. फरक पडला नाही तर अडॅप्टर बदलून बघा. नवा घेताना व्होल्ट जुन्याइतकेच हवेत. अँपियर जास्त असले तरी चालतात, कमी मात्र नकोत. जुना अडॅप्टर दुकानात सोबत न्या, म्हणजे पिनही जुळेल.

दुपारच्या वेळेसाठी तो रुमाल आजच काढा. तुम्ही हाताने विणलाय, मन होणार नाही, पण राऊटरच्या अंगावरची भोकं गरम हवा बाहेर जायला असतात. वर रुमाल, चारी बाजूंना शोकेस, शेजारी तापलेला सेट-टॉप बॉक्स. उन्हाळ्यात आतली चिप तापून अडकते. डबा भिंतीवर उघड्यावर, शक्यतो जिन्याजवळ लावा. वरच्या मजल्यालाही रेंज बरी मिळेल, कारण स्लॅबमधलं लोखंड वायफायला अडवतं, वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांपैकी ५ च्या पट्टीला तर जास्तच. शोकेसमागच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर असेल आणि मायक्रोवेव्ह असेल, तर तो २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. तोही त्या वायफायला त्रास देतो. शेजारीपाजारी राऊटर बरेच असतील तर मुलाला सांगून २.४ चा चॅनल ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळ्या आकड्यावर पक्का करून घ्या. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

आता लाल दिवा दिसला तर. आधी घरातली वायर बघा. खिडकीच्या फटीत चेपलेली, सोफ्याच्या पायाखाली आलेली, खिळ्याला करकचून गुंडाळलेली फायबर आतून प्रकाश गळते. हिरव्या टोकाचा कनेक्टर स्वतः काढू नका आणि त्याच्या तोंडाशी डोळा नेऊ नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. कंपनीचा माणूस आला की त्याला एकच गोष्ट विचारा : ‘घरात पॉवर किती येतेय?’ त्याच्याकडे मीटर असतो, शिवाय राऊटरच्या पानावरही हा आकडा बहुधा असतो. उणे २० डीबीएमच्या (हे प्रकाशाची ताकद मोजायचं माप) आसपास असला तर उत्तम. उणे २७ म्हणजे अगदी काठावर. उन्हाने, वाऱ्याने वायर जरा हलली तरी नेट जाणार. दर ३ आकडे खाली म्हणजे प्रकाश निम्मा, हे लक्षात ठेवा. आकडा वहीत लिहून घ्या, तारखेसकट. त्याने सांगितला नाही तर सांगेपर्यंत विचारा.

तक्रार करताना दर वेळी डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मागा. ‘नेट जातं’ एवढंच सांगू नका. ‘अमुक तारखेला इतक्या वाजता एल-ओ-एस लाल होता’ असं सांगा. तरीही दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं; ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनी ही सोय दिली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि सगळं तपासून राऊटरच दोषी निघाला, तर डबा कंपनीने दिलेला आहे का ते आधी बघा. असेल तर आधी त्यांच्याकडेच बदलून मागा, लगेच विकत घेऊ नका.

प्रश्न : राऊटर अडकला की मी मागच्या बारीक भोकात पिन घालून रीसेट करतो. लगेच चालू होतो. हे योग्य आहे का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : नाही, ही सवय सोडा. पिन दोन क्षण दाबली तर काही डबे नुसते रीस्टार्ट होतात, म्हणून तुमचं आजवर निभावलं असावं. तीच पिन दहा-बारा सेकंद दाबली गेली तर कंपनीने भरलेलं युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव, सगळं पुसलं जातं. मग माणूस येऊन भरेपर्यंत घरात नेट नाही. शिवाय वायफायचा आणि राऊटरच्या पानाचा पासवर्ड कारखान्यातून आलेल्या मूळ पासवर्डवर जातो, आणि काही डब्यांचा तो कुणालाही अंदाजाने सापडतो. आधी राऊटरच्या सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डबा अडकला तर भिंतीवरचं बटण बंद-चालू करा, आणि त्या भोकावर चिकटपट्टी लावून टाका.