पट्टेरी पीस लिलीला खुराक निम्मा, पाणी त्याहून जपून

प्रश्न (उरुळी कांचन परिसरातील एक शेतकरी): शेडनेटमध्ये कुंडीतली शोभेची झाडे करतो. पांढऱ्या शिंतोड्यांच्या 'डॉमिनो' या पट्टेरी पीस लिलीच्या मोठ्या कुंड्या कृषी पर्यटनाच्या हॉलमध्ये ठेवल्या आहेत. पानांची टोके तपकिरी होऊन वाळतात, खालची पाने पिवळी पडतात, झाड मान टाकते. कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ हे विद्राव्य खत, ह्युमिक हे मुळांचे टॉनिक आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणून दिले, फरक नाही. आता काय टाकू?

उत्तर: काहीही टाकू नका. जे चालू आहे ते आधी बंद करा.

हिरव्या पीस लिलीचे वेळापत्रक पट्टेरीला लावले की हेच होते. पानाचा पांढरा भाग अन्न तयार करत नाही. खाणारी तोंडे पाच आणि कमावणारा एकटा, असा तिचा संसार. म्हणून वाढ सावकाश, पाणी कमी, खत तर निम्मेच. त्यात तुम्ही झाड शेडनेटमधून हॉलमध्ये आणले. उजेड घटला तशी भूकही घटली, पण डोस मात्र वाढला. दुकानदार हे सांगणार नाही, त्याला पुडी खपवायची आहे.

टोके जळणे हा रोग नाही. त्यावर बुरशीनाशक मारणे म्हणजे पैसे पाण्यात. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरट थर बसला आहे का, ते बघा. बोअरच्या पाण्याचे क्षार आणि वर खताचे क्षार, दोन्ही मुळाशी साठतात आणि पानाच्या टोकाला दिसतात. एसीचा झोत थेट पानांवर येत असेल तर टोके आणखी लवकर वाळतात. कुंडी तिथून हलवा. मग ती अंगणात काढा आणि कुंडीच्या मापाच्या दुप्पट साधे पाणी सावकाश ओतून खालून पूर्ण निथळू द्या. दर दोन महिन्यांनी हे करा. बशीत पाणी साचू देऊ नका.

आणि माझे नेहमीचे सांगणे: पागोळीचे पाणी धरा. पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या, पुढचे पाणी झाकणाच्या टाकीत भरा. हॉलमधल्या दहा-वीस कुंड्यांना ते बरेच महिने पुरते. बाजारातली कुठलीही बाटली या पाण्याची बरोबरी करत नाही. सॉफ्टनरचे (कठीण पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचे) पाणी मात्र या झाडाला अजिबात नको, त्यात सोडियम असते.

आता मान टाकण्याबद्दल. पीस लिली तहानेनेही मान टाकते आणि मुळे कुजली तरीही टाकते. लांबून दोन्ही सारखेच दिसते, आणि इथेच घात होतो. बोट दोन इंच आत घाला. कोरडे लागले तर पाणी द्या, काही तासांत पाने उभी राहतील. ओले लागले तर पाण्याचा थेंबही नको. झाड मुळांच्या गड्ड्यासकट बाहेर काढा. चांगले मूळ पांढरे आणि टणक असते. कुजलेले तपकिरी असते. चिमटीत धरून ओढले की वरची साल सुटून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. अशी मुळे धारदार कात्रीने कापा, कात्री दर वेळी पुसा आणि झाड नव्या मिश्रणात लावा: धुतलेले कोकोपीट, भाताचे तूस, थोडे चांगले कुजलेले गांडूळ खत. काळी माती नको. मोठी कुंडीही नको. जुनीपेक्षा फार तर दोन इंच मोठी घ्या. 'एकदाच मोठी घ्या' हा सल्ला विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. मुळे पोचत नाहीत तेवढी माती ओलीच राहते आणि कूज परत येते.

पिथियम आणि फायटोफ्थोरा या मूळकुजीच्या बुरशींवर कार्बेन्डाझिम चालत नाही. शिवाय ट्रायकोडर्मा (मुळांना राखणारी उपयोगी बुरशी) घालून पाठोपाठ कार्बेन्डाझिम ओतले की ट्रायकोडर्माही मरतो. दोन्ही एका पिशवीत विकणारे दुकानदार मी भरपूर पाहिले आहेत. नव्या मिश्रणात फक्त ट्रायकोडर्मा, ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून, एकदा.

शेडनेटवाल्यांनी हे नीट ऐका: हॉलमध्ये आजारी पडलेली कुंडी परत शेडनेटमध्ये नेऊ नका. पीस लिलीची सिलिंड्रोक्लॅडियम बुरशीची मूळकूज पाण्याबरोबर कुंडीतून कुंडीत पसरते आणि बघता बघता अख्खा बेड जातो.

खताचा डोस: १९:१९:१९, १ ग्रॅम प्रति लिटर, महिन्यातून एकदा, मार्च ते ऑक्टोबर, तेही ओल्या मिश्रणावर. ५ ग्रॅम नाही, ३ ग्रॅमही नाही. थंडीत बंद. आजारी झाडाला बंद. कुंडी बदलल्यावर दीड महिना बंद.

प्रश्न: नवी पाने पूर्ण हिरवी येत आहेत. मायक्रोन्यूट्रियंट कमी पडते का?

उत्तर: नाही. पट्टेरी झाड मूळ हिरव्या रंगाकडे वळते आहे. हिरवा फुटवा जोमाने वाढतो आणि पट्टेरीला दाबतो, म्हणून तो कंदापासून काढून वेगळा लावा. उजेड वाढवा, पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपासून तीन-चार फूट ठीक. थेट ऊन नको, पांढरा भाग आधी करपतो. रोपे वाढवायची तर पट्टेरी फुटव्याचे विभाजन करा. बियाण्यातून पट्टे येतील या भरवशावर राहू नका.

प्रश्न: फुले येत नाहीत. द्राक्षाचे जीए (जिब्रेलिक आम्ल, वाढीचे संजीवक) शिल्लक आहे, मारू का?

उत्तर: हॉलमधल्या झाडावर नको. विक्रीच्या कुंड्यांवर जिब्रेलिक आम्ल १५० ते २५० पीपीएमची (लिटरला तितके मिलिग्रॅम) एकच फवारणी करतात, आणि साधारण ९ ते १२ आठवड्यांनी फुले येतात. द्राक्षाच्या अंदाजाने हात सैल सोडला किंवा फवारणी पुन्हा केली, तर पाने अरुंद, लांबट होतात आणि फुले वाकडी. ते झाड मग कोणी विकत घेत नाही. घरात फुलांसाठी उजेड वाढवा.

प्रश्न: पिठ्या ढेकूण आहे. फोरेट या कीटकनाशकाचे दाणे कुंडीत टाकायला सांगितले आहे.

उत्तर: ज्याने सांगितले त्याच्याकडून काहीही घेऊ नका. देशात फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावरही. बंद खोलीत, जिथे पाहुणे जेवतात तिथे, विषारी औषध? साबणाच्या पाण्यात कापूस भिजवून देठाच्या बेचक्या पुसा, आठवड्याने परत पुसा. कमी होत नसेल तर झाड बाहेर नेऊन निंबोळी तेल, ५ मिली प्रति लिटर, संध्याकाळी.

शेडनेटसाठी फलोत्पादन अभियानात मंजूर मापदंडाच्या ५० टक्के अनुदान आहे. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, पूर्वसंमतीआधी सांगाडा उभारू नका. बाकी तालुका कृषी कार्यालयात विचारा.

हॉलमध्ये लहान मुले किंवा मांजर येत असेल तर कुंडी उंचावर ठेवा. ही अळूच्याच कुळातली. पान चावले की तोंड आणि घसा खाजतो, सुजतो. तोंड धुऊन थंड पाणी द्या, गिळायला त्रास झाला तर लगेच डॉक्टरकडे न्या.