चित्र दुसऱ्याचं, हालचाल लेकीची

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे, संख्याशास्त्र घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. गेले काही महिने कॉलेजातून आली की संगणकासमोर बसते आणि कार्टूनसारख्या एका मुलीचा गाल माउसने इकडून तिकडे ओढत राहते. विचारलं तर म्हणते, ‘लाइव्ह टूडी रिगिंग करतेय, स्ट्रीमर लोकांना असे अवतार लागतात.’ ते चित्रही तिने काढलेलं नसतं. चित्रकार नाही, प्रोग्रामर नाही, मग हे काम आहे तरी काय? यात पोट भरेल का? आता पदवी सोडून पूर्ण वेळ हेच करायचं म्हणते आहे. ॲनिमेशनचा मोठा कोर्स लावून द्यावा का? स्वतःचं तोंडही न दाखवणाऱ्या परक्या माणसांशी व्यवहार करणं कितपत सुरक्षित? आणि तिला नवा संगणक हवा आहे. – एक आई

उत्तर : ताई, गाल ओढत बसते हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला मात्र तुमच्या पत्रातला तोच भाग सगळ्यात आश्वासक वाटला. या कामाकडे वळणारी बरीचशी मुलं केस आणि कपडे हलवण्यात रमतात, कारण ते पटकन जमतं आणि लगेच छान दिसतं. गालाशी झटणारी कमी असतात. का, ते सांगते.

आधी काम काय ते. स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवर थेट कार्यक्रम करणारा. तो कॅमेऱ्यासमोर बसून बोलतो, सॉफ्टवेअर त्याच्या चेहऱ्याच्या हालचाली टिपतं आणि प्रेक्षकांना त्याच्या जागी रंगवलेलं एक पात्र बोलताना, हसताना, मान वळवताना दिसतं. हे पात्र म्हणजे एक सपाट चित्रच असतं. चित्रकार ते सुट्या थरांत देतो: पुढचे केस, बाजूचे केस, मागचे केस, वरची पापणी, खालची पापणी, डोळ्याचं पांढरं, बुबुळ, वरचा ओठ, खालचा ओठ, तोंडाची आतली बाजू. केसांखाली झाकलेलं कपाळसुद्धा रंगवलेलं लागतं, कारण केस हलले की ते उघडं पडतं. रिगर, म्हणजे हे चित्र हलतं करणारी, या प्रत्येक तुकड्यावर त्रिकोणांची जाळी बसवते आणि कुठल्या हालचालीला जाळीचा कुठला बिंदू किती सरकेल हे हाताने ठरवते. कळसूत्री बाहुलीच्या खेळात बाहुली कोरणारा वेगळा, नाचवणारा वेगळा. दोऱ्या नेमक्या कुठे बांधायच्या ते ठरवणारा जो मधला माणूस, ती तुमची लेक. जपानी स्ट्रीमर मंडळी चित्रकाराला आपली आई म्हणतात आणि रिगरला बाबा, मग ती रिगर मुलगी का असेना!

आता तो गाल. लाइव्ह टूडी क्युबिझम या जपानी सॉफ्टवेअरमध्ये मान डावी-उजवीकडे वळवायला एक पॅरामीटर, म्हणजे कमी-जास्त करता येणारा आकडा, असतो, उणे ३० ते अधिक ३० असा. वर-खाली बघायला तसाच दुसरा. दोघांचे तीन-तीन थांबे (दोन टोकं आणि मध्य) धरले तर एकूण नऊ चेहरे होतात: एक समोरचा, चार बाजूंचे आणि चार कोपऱ्यांचे. चेहरा वळला की नाक गालापेक्षा जास्त सरकलं पाहिजे, कारण ते पुढे आलेलं असतं. पलीकडचा डोळा अरुंद व्हायला हवा, पलीकडचा गाल आत जायला हवा, मागचे केस उलट दिशेला सरकायला हवेत. कोपऱ्यांचे चेहरे सॉफ्टवेअर बाजूंच्या आकारांवरून आपोआप बनवून देतं, पण ते जसेच्या तसे चालतात असं क्वचितच होतं. कुठे हनुवटी टोकदार होते, कुठे गाल सुजल्यासारखा दिसतो. तिथे बिंदू किंचित आत घेतला की डोकं भरीव वाटतं. नाही घेतला तर रबरी मुखवटा हलल्यासारखं दिसतं. तुमची मुलगी संध्याकाळभर ओढत असते तो गाल बहुधा हाच.

डोळ्याचीही अशीच गंमत आहे. दोन थांब्यांमधला प्रवास सॉफ्टवेअर साधारणपणे सरळ रेषेत करतं. उघड्या डोळ्याची पापणी वर कमान केलेली, मिटलेल्या डोळ्याची खाली झुकलेली. दोन्ही आकार सुंदर असले तरी अर्ध्या वाटेवर पापणी सपाट होते आणि पात्र वैतागल्यासारखं दिसतं. मध्ये आणखी एक थांबा घालून तो आकार हाताने बसवावा लागतो. नवशिक्यांना वाटतं, पापणी इतक्या झटकन मिटते, अर्धी कोण बघतंय? पण खोलीत उजेड कमी असला की कॅमेऱ्याला डोळा पूर्ण मिटल्याचं कळत नाही आणि पात्र तासभर त्याच अर्ध्या आकारात अडकून बसतं.

साध्या ॲनिमेशनपेक्षा हे काम वेगळं आहे ते इथेच. ॲनिमेटरला आपलं पात्र पुढच्या क्षणी काय करणार हे माहीत असतं. तेवढं चांगलं दिसलं की झालं. रिगरला ते माहीत नसतं. समोरचा माणूस मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून, तोंड वाकडं करून हसेल. त्या क्षणी पाच-सहा पॅरामीटर एकदम टोकाला जातील आणि तरी चेहरा फाटता कामा नये. भुवई केसांच्या वर येता कामा नये, बुबुळ पांढऱ्याच्या बाहेर सांडता कामा नये. म्हणून मुलीच्या आवडीची खोली तिच्या उत्साहावरून मापू नका. तिला एकच विचारा: तू बनवलेलं मॉडेल, म्हणजे हलतं पात्र, दुसऱ्या कुणी चालवलंय का?

‘नाही’ म्हणाली तर पुढची पायरी तीच. स्ट्रीमिंग करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या मुलाला तिने एक मॉडेल द्यावं आणि दोन-तीन आठवडे वापरू द्यावं. तक्रारी येतील: ‘हसलं की डावा डोळा मिटतच नाही’, ‘मान वर केली की गळ्याशी फट दिसते’, ‘गेम चालू केला की सगळं अडखळतं’. शेवटच्या तक्रारीचं कारण बऱ्याचदा गरजेपेक्षा मोठं टेक्श्चर (सगळे तुकडे साठवलेली प्रतिमा) किंवा हव्यापेक्षा जास्त तुकडे आणि मास्क (एक तुकडा दुसऱ्याबाहेर दिसू न देणारी झाकणं) हे असतं, कारण स्ट्रीमरच्या त्याच संगणकावर गेमही चालू असतो आणि ओबीएस हे प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअरसुद्धा. या तक्रारी निस्तरताना ती कशी वागते ते बघा. चिडून ‘त्याचा कॅमेराच खराब’ म्हणते, की व्हीट्यूब स्टुडिओ या कॅमेऱ्यावरून मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन कॅमेऱ्याकडून येणारा आकडा आणि मॉडेलला जाणारा आकडा यांची मर्यादा जुळवत बसते? या धंद्यातला निम्मा वेळ दुरुस्तीत जातो. ज्यांना दुरुस्तीचा कंटाळा, त्यांनी हौस म्हणून करावं.

केसांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे तिचं कॉलेजातलं शिक्षण थोडं उपयोगी पडतं. केसांची हालचाल हाताने करायची नसते. सॉफ्टवेअरमध्ये लंबकाचं गणित असतं. मानेचा कोन आत घालायचा, बटेचं झुलणं बाहेर येतं. लंबकाची लांबी, प्रतिसादाचा वेग असे आकडे बदलत जायचे. सगळ्या बटांना एकच आकडे दिले की केस एका फळीसारखे हलतात. आकड्यांशी खेळायची सवय असलेल्या मुलीला हे जड जाऊ नये.

पोट भरेल का? क्षेत्र हवेतलं नाही. २०१६ च्या अखेरीस किझुना एआय हे पात्र यूट्यूबवर आलं, ते त्रिमितीय होतं. २०१८ च्या फेब्रुवारीत निजिसांजी या जपानी गटाने सपाट चित्रांचे अवतार फोनच्या कॅमेऱ्यावर चालवून दाखवले, तेव्हापासून खर्चिक स्टुडिओशिवायही हे करता येतं हे लोकांच्या लक्षात आलं. तो गट चालवणारी एनीकलर ही कंपनी २०२२ मध्ये आणि होलोलाइव्ह हा तसाच दुसरा गट चालवणारी कव्हर ही कंपनी २०२३ मध्ये टोकियोच्या शेअर बाजारात नोंदली गेली. पण ताई, या कंपन्यांकडे बघून हिशेब मांडू नका. तुमच्या मुलीला सुरुवातीला मिळेल ते काम एकेकट्या स्ट्रीमरचं, नगावर, अनियमित. एका महिन्यात दोन, पुढचे दोन महिने शून्य. शिवाय असे गट चालवणाऱ्या एजन्सीचं मोठं काम मिळालं तरी पात्र पदार्पण करेपर्यंत ते कुणाला दाखवता येत नाही. उत्तम काम हातात असतं आणि पोर्टफोलिओ रिकामा.

म्हणून पदवी सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘पदवी असली की बरं’ या सरधोपट कारणासाठी मी हे म्हणत नाहीये. पहिली काही मॉडेलं संध्याकाळी आणि सुट्टीत पूर्ण होऊ शकतात. पूर्ण वेळ दिल्याने हात लवकर बसेल, पण गिऱ्हाईक लवकर येणार नाही. दुसरं, सध्या तिचं सगळं कौशल्य एकाच सॉफ्टवेअरला बांधलेलं आहे. वर्षभरात तिने गेममधल्या सपाट पात्रांसाठी वापरतात ते स्पाइन, किंवा ब्लेंडरमधलं त्रिमितीय रिगिंग, यांपैकी एकाची तरी ओळख करून घ्यावी. तिथे जाळीऐवजी हाडांचा विचार जास्त, हात वेगळा चालतो. डोळा मात्र तोच लागतो. अनोळखी गिऱ्हाइकांची तीन-चार मॉडेलं तिने ठरल्या तारखेला दिली, त्यांच्या दुरुस्त्या निस्तरल्या आणि पुढच्या कामांची रांग लागली, तर पदवीचा विषय पुन्हा काढा. तेव्हा मीही कदाचित वेगळं बोलेन.

महागडा ॲनिमेशन कोर्स आत्ता नको. अशा कोर्समध्ये तिला हवी ती गोष्ट एखाद्या कोपऱ्यात असेल किंवा नसेलच. क्युबिझमची अधिकृत शिकवणी मोफत आहे आणि कंपनी नमुना मॉडेलंही उघडून बघायला देते. त्यांपैकी हियोरी हे मॉडेल घ्यावं, एकेक डिफॉर्मर (तुकडे वाकवणारी चौकट) निवडून पॅरामीटर हलवावा आणि नाकासाठी अशा किती चौकटी एकात एक बसवल्यात ते बघावं. दहा व्हिडिओ बघून कळत नाही ते असं कळतं. व्यावसायिक आवृत्ती ४२ दिवस फुकट वापरता येते. मोफत आवृत्तीत ३० पॅरामीटर आणि १०० तुकड्यांची मर्यादा आहे. स्ट्रीमिंगच्या पूर्ण मॉडेलला ती अपुरी पडते, पण छोटं डोकं-खांद्याचं मॉडेल त्यात बसतं. व्यावसायिक आवृत्ती विकत घ्यायची वेळ आली तर विद्यार्थ्यांची सवलत आधी बघा. खर्च करायचाच असेल तर चित्रकलेच्या साध्या शिकवणीवर करा. तिला चित्रकार व्हायचं नाही हे मान्य, पण वेगवेगळ्या कोनांतली डोकी रेखाटल्याशिवाय गाल कुठे आत जातो ते बोटांना कळत नाही.

परक्या माणसांची भीती रास्त आहे. चेहरा लपवणं मात्र या क्षेत्रात नेहमीचं आहे, त्यावरून माणूस खोटा ठरवू नका. सगळं लेखी असावं: किती दुरुस्त्या फुकट, आगाऊ रक्कम किती, पूर्ण रक्कम मिळाल्यावरच चालणारी फाइल द्यायची, आणि क्युबिझमची मूळ संपादनाची फाइल स्वतःकडे ठेवायची, ती हवी असेल तर वेगळा मोबदला. ज्या चित्रावर काम करायचं त्याच्या चित्रकाराची परवानगी आहे का, हे विचारायला तिने लाजू नये. नेटवरून उचललेलं, सुटे थर नसलेलं चित्र घेऊन ‘हे हलवून दे’ म्हणणारे येतात. त्यांना नाही म्हणावं. कुठल्या प्रकारचं काम घेणार नाही हेही तिने आधीच जाहीर लिहून ठेवावं, म्हणजे ऐन वेळी अवघडल्यासारखं होत नाही.

संगणकाचं. ८ जीबी रॅमवर शिकता येतं. मोठ्या टेक्श्चरच्या मॉडेलना १६ जीबी बरी. पेन टॅब्लेट चित्रकाराला लागतो, जाळीचे बिंदू माउसनेच नीट सरकतात. आहे तो संगणक अगदीच रडत नसेल तर सध्या साधा वेबकॅम घेऊन द्या. ज्या आयफोनवर चेहरा दाखवून कुलूप उघडतं, त्यांचा पुढचा कॅमेरा चेहऱ्याच्या ५२ हालचाली मोजतो. वेबकॅम तितका नेमका नसतो, पण पुष्कळ गिऱ्हाइकं तोच वापरतात, तेव्हा मॉडेल त्यावर तपासलेलं असावं. मॉडेल झालं की तुम्हीच कॅमेऱ्यासमोर बसा, बोला, हसा, मान हलवा. चष्मा असेल तर काढू नका. काचेवर उजेड चमकला की हालचाली टिपणारं सॉफ्टवेअर गोंधळतं, आणि तो दोष गिऱ्हाइकाच्या आधी तिला घरीच सापडेल.