लस दिली होती, तरी कुत्र्याला केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) कसा? अँटिबायोटिक द्यायचं का?

होतो की. हा एकाच जंतूचा आजार नाही. बोर्डेटेला जीवाणू, पॅराइन्फ्लुएंझा, अ‍ॅडिनोव्हायरस हे विषाणू, असे बरेच जण त्यात असतात. लस त्यातल्या काहींपुरतीच, आणि तीसुद्धा आजार सौम्य ठेवते, पुरता अडवत नाही. घशात हाड अडकल्यासारखा ठसका, शेवटी पांढरा फेस, पण खाणं-खेळणं नेहमीसारखं असेल तर बहुधा १ ते ३ आठवड्यांत आपोआप बसतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. घरातल्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच नको. गळपट्ट्याऐवजी हार्नेस लावा. फुटाळा तलावावरची फेरी बंद, नाहीतर तिथली सगळी कुत्री खोकत बसतील! पिल्लू किंवा म्हातारं कुत्रं असेल, ताप-धाप असेल, जेवण सोडलं असेल, तर मात्र त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.