गुरांच्या साथी आधीच ओळखण्याचे काम: राजापूरच्या एका पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लंपी रोगाच्या साथीत आपल्या गोठ्यातला पाडा दगावला, तेव्हापासून बारावी विज्ञान शाखेतली आपली मुलगी ‘साथ पसरण्याआधी ती ओळखणारे काम मला करायचे आहे’ असे म्हणते आणि नातेवाईक मात्र ‘ढोरांची डॉक्टर होऊन काय मिळणार?’ असे विचारतात, असे आपण कळवले आहे. असे काम खरोखर असते का आणि त्यासाठी काय शिकावे, हे आपले प्रश्न आहेत.

काम निश्चित असते. लंपीचा विषाणू भारतात प्रथम २०१९ मध्ये ओडिशात आढळला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली. चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड त्याला एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. वेळेवर लक्ष गेले तर काय साधते, हे २०११ मध्ये जर्मनीत दिसले. गाईंना ताप येऊन दूध एकाएकी घटले, ओळखीच्या सर्व रोगांच्या चाचण्या नकारार्थी आल्या, तेव्हा संशोधकांनी रक्तातील जनुकीय द्रव्य वाचून चिलटांमार्फत पसरणारा श्मालेनबर्ग हा नवाच विषाणू शोधला. त्यानंतर लवकरच व्यंग असलेली कोकरे जन्मू लागली, तेव्हा कारण हाताशी होते.

तिथे पहिली खूण दुधाने दिली. आपल्याकडची गावठी गाय लिटर-दोन लिटर दूध देते, तेही बरेचसे वासरूच पिते आणि दिवसभर ती रानात मोकळी चरते, त्यामुळे दूध घटल्याची नोंद कोण ठेवणार? कोकणात खूण दुसरीकडे शोधावी लागेल, आणि ती कुठे शोधावी हे गोठ्यात वाढलेल्या मुलीला बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा लवकर सुचेल असे मला वाटते.

रोजचे काम मात्र संथ आहे. संध्याकाळी गोठ्यात अतिनील दिव्याचा सापळा टांगायचा, सकाळी त्यातली एक ते तीन मिलिमीटरची चिलटे सूक्ष्मदर्शकाखाली पंखांवरच्या ठिपक्यांवरून वेगळी करायची, आजारी जनावराच्या गाठीवरची खपली व रक्त बर्फाच्या पेटीतून भर पावसात घाट ओलांडून पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे पोहोचवायचे. कित्येकदा काहीच सापडत नाही, तरी मोजणी थांबवता येत नाही. ज्यांना रोज काहीतरी घडलेले हवे असते, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

शिक्षणाचा मुख्य मार्ग पशुवैद्यक पदवीचा. आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा हा अभ्यासक्रम असून प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो, आपल्याला मुंबईचे किंवा शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय सोयीचे पडेल. पुढे साथरोगशास्त्र वा सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतल्यास, जनावरांच्या रोगांचे पूर्वानुमान देणारी बंगळूरची ‘निवेदी’ किंवा भोपाळची उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळा अशा संस्थांत काम मिळू शकते. तरी आधी काही वर्षे लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी म्हणून तालुक्यात काम करावे, असे मी सुचवेन, कारण गोठा न पाहिलेल्या संशोधकाचे तक्ते पुष्कळदा कागदावरच राहतात. नातेवाइकांना सांगायचे तर, हे गट-अ चे राजपत्रित पद आहे; एवढे ऐकल्यावर आवाज सहसा खाली येतात.

दुसरी वाट कीटकशास्त्राची. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून कृषी पदवी घेऊन या विषयात पुढे जाता येते, किंवा प्राणिशास्त्राच्या पदवीनंतर पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्रात सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्र शिकता येते. सिंधुदुर्गात २०१६ मध्ये माणसांत आढळलेला माकडताप गोचिडांमुळेच पसरतो आणि रानात चरणारी गुरे गोचीड घरापर्यंत आणतात, त्यामुळे या विद्येची गरज इथे दोन्ही अंगांनी आहे.

अर्ज भरण्यापूर्वी दिवाळीच्या सुट्टीत तिला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, तेथील डॉक्टरांच्या परवानगीने, काही दिवस बसू द्यावे आणि एखाद्या लसीकरणाला सोबत पाठवावे. नंतरही तिचा विचार कायम राहिला, तर ‘नीट’बरोबर जीवशास्त्र गटाच्या राज्य सीईटीचाही अर्ज भरावा, म्हणजे गुण थोडे कमी पडले तरी कृषी पदवीचा मार्ग त्याच वर्षी खुला राहील.