केस हार्डनिंगने गिअरचे दात ‘कणखर’ होतात का?

प्रश्न असा आहे : गिअरबॉक्सच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करताना ‘केस हार्डनिंगमुळे दात अधिक मजबूत व कणखर होतात’ असं वाक्य झालं आहे, ते चालेल का? आणि केस हार्डनिंगला, म्हणजे पोलादी भागाचं फक्त वरचं कवच कठीण करण्याला, मराठीत काय म्हणावं?

‘मजबूत’ चालेल, तेही अटीवर. ‘कणखर’ मात्र काढा. माणसाबद्दल बोलताना हा शब्द छान आहे, कारण न झुकणं आणि न मोडणं हे दोन्ही तो एकदम सांगून जातो. पण पोलादात नेमके हेच दोन गुण एकमेकांच्या आड येतात. ओरखड्याला आणि झिजेला दाद न देणारं ते कठीण. तडा न जाता धक्का पचवणारं ते चिवट. काच कठीण असते, चिवट नसते. ताकद हा तिसरा गुण : किती भार आल्यावर भाग कायमचा वाकतो किंवा तुटतो, याचा.

आता दातात काय घडतं ते पाहू. गिअरसाठी आपल्याकडे सर्रास वापरतात त्या ईएन ३५३ किंवा २० एमएनसीआर ५ या पोलादांत कार्बन जेमतेम ०.२ टक्क्याच्या आसपास असतो. लोहार विळ्याला पाणी देतो तसं यांना नुसतं पाणी दिलं तर पृष्ठभागाला हवा तेवढा कठीणपणा येत नाही, तेवढा कार्बनच त्यांच्यात नसतो. म्हणून सुमारे ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला कार्बनयुक्त वायूत काही तास ठेवून वरच्या मिलिमीटरभर थरात कार्बन ०.८ टक्क्यापर्यंत नेतात, मग तेलात विझवतात आणि शेवटी १५०–२०० अंशांना टेंपर करतात, म्हणजे ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून पुन्हा हलकं तापवतात. रॉकवेल सी या कठीणपणाच्या मापावर पृष्ठभाग ५८ ते ६२ होतो, गाभा साधारण ३० ते ४० वर राहतो.

तेव्हा वाढला तो वरच्या थराचा कठीणपणा. चिवटपणा वाढत नाही, गाभ्यात राखला जातो. उलट हातोड्याच्या आघाताची चाचणी घेतली, तर कार्बन दिलेला नमुना त्याच पोलादाच्या, तसंच तापवून विझवलेल्या पण कार्बन न दिलेल्या नमुन्यापेक्षा कमी ऊर्जा शोषतो. कवचात तडा लवकर सुरू होतो. अख्खा दात आरपार ६० रॉकवेलचा केला असता तर तो धक्क्यासरशी मोडला असता. त्याच्याशी तुलना केली तरच हा दात चिवट म्हणायचा.

‘मजबूत’ची अट काय, तर भाराचा प्रकार. वाकताना आणि पिळवटताना सर्वांत जास्त ताण पृष्ठभागावर येतो, आणि तिथेच कडक थर असतो. शिवाय विझवताना पोलादाची आतली रचना बदलते आणि ते फुगतं; हे गाभ्यात आधी होतं आणि कवच नंतर फुगतं. गाभा त्याला मोकळेपणी फुगू देत नाही, म्हणून कवचात दाब अडकून राहतो. हा दाब तड्याचं तोंड उघडू देत नाही. लाखो वेळा भार येऊन-जाऊन होणारी मोड, म्हणजे फटीग, त्यामुळे बरीच लांबते. सरळ ओढीच्या भारात मात्र अख्खा छेद, म्हणजे भागाची पूर्ण जाडी, ताण घेतो, तिथे पातळ कवचाचा फायदा थोडाच.

आणि कवच जाड तेवढं बरं, असंही नाही. बारीक दाताच्या टोकाशी दोन्ही बाजूंची कवचं एकमेकांना भिडली की टोक आरपार ठिसूळ होतं आणि टवका उडतो. स्क्रूच्या आट्यांना कार्बन लागू नये म्हणून पेस्ट फासतात ती याच भीतीने. उलट कवच फार पातळ असेल आणि दाब मोठा असेल, तर खालचा मऊ गाभा दबतो आणि वरचं कवच तडकतं.

मराठी शब्दाचं म्हणाल तर ‘पृष्ठकठिनीकरण’ आहे, पण तो जरा ऐसपैस आहे. इंडक्शनने, म्हणजे विजेच्या गुंडाळीने, मध्यम कार्बनच्या पोलादाचा वरचा थर नुसता तापवून विझवतात, कार्बन आत घालत नाहीत. तेही त्यात बसतं. भोसरी-चिंचवडच्या शॉपफ्लोअरवर हा शब्द बोलून पाहा, समोरचा माणूस ‘केस हार्डनिंगच ना?’ असंच विचारेल. तेव्हा पुस्तिकेत केस हार्डनिंगच ठेवा, फक्त पहिल्यांदा येईल तिथे ‘वरचं कवच कठीण करणं’ एवढं जोडा, नाहीतर एखादा भाबडा वाचक डोक्यावरचे केस समजायचा.

वाक्य मी असं करीन : ‘केस हार्डनिंगमुळे दातांचा पृष्ठभाग कठीण होतो, झीज आणि फटीग कमी होते, आतला गाभा चिवट राहत असल्याने दात धक्क्याने सहसा मोडत नाहीत.’ ‘सहसा’ गाळू नका.