विचारा तर खरं: ‘ग्रीसी’ नील कोण?

प्रश्न : 1919च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचे खेळाडू पैसे खाऊन हरले, हे नेहमी वाचतो. पण जिंकलेल्या सिनसिनाटी रेड्समधलं कुणी पुढे नावारूपाला आलं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आला की, पण दुसऱ्याच खेळात! अर्ल नील त्याचं नाव. सगळे ‘ग्रीसी’च म्हणायचे. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गचा हा आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक) एरवी बेताचाच फलंदाज, कारकिर्दीची सरासरी .259, म्हणजे हजार संधींत 259 हिट (चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठणं). त्या सिरीजच्या आठ सामन्यांत मात्र पठ्ठ्याने 10 हिट मारले, सरासरी .357. रेड्सकडून एवढे हिट दुसऱ्या कुणाचेच नव्हते. पैसे खाल्ल्याच्या आरोपावरून बंदी आलेल्या व्हाइट सॉक्सच्या आठ जणांची नावं आजही घडाघडा सांगणारे भेटतात, याचं नाव काढलं की गप्प!

बेसबॉलचा हंगाम संपला की हा कॉलेजांत फुटबॉल शिकवायचा (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे). पेनसिल्व्हेनियातलं चिमुकलं वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेज त्याने 1922च्या रोझ बोल या कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या सामन्यापर्यंत नेलं. समोर बलाढ्य कॅलिफोर्निया. नीलचे तेच अकरा गडी एकही बदली खेळाडू न घेता शेवटपर्यंत लढले, निकाल 0-0.

1941पासून तो फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक फुटबॉल संघाचा प्रशिक्षक. त्याआधी 1940च्या अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सने वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघाला 73-0 धुतलं होतं. त्या सामन्याची फिल्म मिळवून त्याने बेअर्सच्या चाली घोटून घेतल्या. मला तो आवडतो तो यासाठी. शिकवायला लागल्यावरही शिकणं सोडलं नाही.

19 डिसेंबर 1948, शाइब पार्क, म्हणजे बेसबॉलचंच मैदान. व्यावसायिक फुटबॉल लीगचा अंतिम सामना आणि धो धो बर्फ. मैदानावर अंथरलेली ताडपत्री इतकी जड झाली की ती ओढायला दोन्ही संघांचे खेळाडू लागले. ईगल्सचा हुकमी गडी स्टीव्ह व्हॅन ब्युरन सामना होणारच नाही असं समजून घरी झोपलेला; शेवटी बस-ट्राम पकडून मैदानावर पोचला. मैदानावरच्या रेघाही दिसत नव्हत्या. चौथ्या सत्रात त्यानेच एकमेव टचडाऊन केला (चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याची शेवटची रेघ ओलांडली) आणि ईगल्स 7-0 जिंकले. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या चिखलात रॅम्सवर 14-0. लागोपाठ दोन अंतिम सामने, प्रतिस्पर्ध्याला एक गुण नाही!

1950चा हंगाम फिसकटला आणि नीलच्या हाती नारळ आला. 1969मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमने, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीने, त्याला घेतलं. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तो नाही, आणि .259वर तक्रार तरी काय करणार?